वळवाच्या धुळीनंतर झरोके, जाळ्या आणि वायुमार्गांची सफाई : आपले अनुभव लिहा

एप्रिल-मे महिन्यांत दुपार कलली की आपल्या भागात वळवाच्या आधीचा वारा सुटतो. बेळगाव-खानापूरकडे तांबड्या मातीची आणि अथणी-रायबागकडे काळ्या मातीची धूळ घरात शिरते. फरशी आपण लगेच पुसून घेतो, पण झरोक्यात, एक्झॉस्ट पंख्यात आणि एसीच्या जाळीत बसलेली धूळ तशीच राहते व पंखा सुरू होताच पुन्हा खोलीभर पसरते. ही धूळ आपण कशी काढता, हे सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे. सुरुवात मी करतो.

बेळगाव शहरातील आमच्या घरी वारा थांबल्याबरोबर कोणीही पंखा लावत नाही. जाड धूळ खाली बसू दिल्यानंतर मेन स्विच बंद करून आम्ही वरून खाली येतो : आधी झरोके, मग पंख्याची पाती, मग एसीची जाळी आणि सर्वांत शेवटी फरशी. कोरडा झाडू आम्ही टाळतो, कारण १० मायक्रोमीटरहून बारीक कण श्वासावाटे आत जातात आणि २.५ मायक्रोमीटरहून बारीक कण फुफ्फुसात खोलवर पोहोचतात. त्यामुळे ओलसर फडके आणि एन-९५ मुखपट्टी यांवर मी आग्रही आहे. तोंडाला बांधलेल्या साध्या रुमालातून बारीक कण सहज आत जातात.

खानापूर तालुक्यातून
आमचे घर मंगळुरी कौलांचे आहे. कौलांच्या फटींतून येणारी धूळ आधी माळ्यावर आणि वाशांवर साठते, म्हणून केवळ झरोके पुसून भागत नाही. धान्याची पिंपे व अंथरुणे झाकून घेतल्यावर आम्ही बांबूला बांधलेल्या कुंच्याने वासे हलक्या हाताने झाडतो आणि त्या वेळी समोरासमोरची दारे उघडी ठेवतो. हे काम वारा थांबल्यावर व पाऊस येण्यापूर्वी झाले तर उत्तम, कारण धुळीवर गळतीचे पाणी पडले की भिंतीवर तांबडे ओघळ उठतात आणि ते चुन्याच्या भिंतीवरून सहजासहजी जात नाहीत. झरोक्यात चिमणीचे घरटे असेल आणि त्यात पिल्ले असतील, तर ती उडून जाईपर्यंत तो झरोका आम्ही तसाच ठेवतो. धूळ थोडे दिवस सहन करता येते.

निपाणीहून
स्वयंपाकघरातील चिमणीविषयी लिहिते. तेलाच्या वाफेवर धूळ बसली की जाळीवर चिकट थर तयार होतो आणि धूर ओढला जात नाही. स्टीलची जाळी गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून भिजवावी. अॅल्युमिनियमच्या जाळीला मात्र सोडा लावू नये, ती काळी पडते व झिजते. तिला भांड्यांचा साबण आणि मऊ ब्रश पुरेसा आहे. जाळी पूर्ण वाळल्याशिवाय परत बसवू नये.

अथणीहून
आमच्याकडे एसीपेक्षा कूलर अधिक. काळ्या मातीची धूळ गवताच्या पॅडमध्ये अडकते, पाण्याबरोबर टाकीत उतरते आणि तळाशी गाळ होऊन पंपाचे तोंड बुजवते. त्यामुळे वादळानंतर पाणी बदलून थांबू नये, टाकी घासून कोरडी करावी. एरवीही आठवड्यातून एकदा टाकी कोरडी करणे आवश्यक आहे, कारण डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून पूर्ण वाढ होण्यास साधारण आठवडा ते दहा दिवस पुरतात.

चिकोडीहून
नातवाला दम्याचा त्रास आहे. आभाळ भरून वारा सुटण्याची चिन्हे दिसली की सून झरोक्यांवर ओली सुती फडकी ताणून बांधते. सफाईच्या वेळी मुलाला शेजारी पाठवतो.

बेळगावहून, दवाखान्याची इमारत सांभाळणारा
आमच्याकडे छतातून जाणारे पत्र्याचे डक्ट, म्हणजे खोल्यांत हवा पोहोचवणारे वायुमार्ग, आहेत. वादळ झाले की ‘संपूर्ण डक्ट धुऊन देतो’ असे सांगणारे लोक येतात. त्यांना लगेच होकार देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने म्हटले आहे की, डक्टच्या सफाईमुळे आजार टळतात हे सिद्ध झालेले नाही. त्यांच्या मते आत बुरशी दिसत असेल, उंदीर-किड्यांचा वावर असेल किंवा डक्ट इतका भरला असेल की जाळीतून धूळ खोलीत पडते, तरच सफाई करावी. म्हणून आम्ही प्रथम बाहेरची हवा आत घेणारी जाळी व फिल्टर काढून पाहतो, कारण बहुतेक धूळ तेथेच अडकलेली असते. डक्ट साफ करणे भागच पडले, तर आतील हवा सतत बाहेर ओढणारे यंत्र जोडून मगच ब्रश फिरवायला सांगावे. नाहीतर सुटलेली धूळ रुग्णांच्या खोल्यांत येते. ज्या डक्टला आतून काचतंतूचे अस्तर आहे, त्यात पाणी अजिबात मारू देऊ नये. ओले अस्तर वाळत नाही, त्यात बुरशी धरते आणि शेवटी ते काढून बदलावे लागते.