अपघात झाला की गाडी कडेला घ्यायची, हे सुरक्षित कसं?

घाटमाथा: सॅन फ्रान्सिस्को, २ ऑक्टोबर २०२३. दुसऱ्याच गाडीने उडवलेली एक बाई क्रूझ कंपनीच्या चालकविरहित टॅक्सीपुढे येऊन पडली. टॅक्सीने करकचून ब्रेक मारला, तरी धडक बसलीच. इथवर ठीक, माणसानेही फार वेगळं काय केलं असतं? पण यंत्रणेला वाटलं धक्का बाजूने बसलाय, आणि धक्का बसला की कडेला जायचं हे ठरलेलं. गाडी निघाली. बाई खाली, सुमारे २० फूट फरफटत. म्हणजे घात केला तो सुरक्षिततेसाठीच शिकवलेल्या चालीने.

तर्कट: एका अपघातावरून सगळंच मोडीत काढायचं? माणसं दारू पिऊन चालवतात, डुलक्या घेतात. २०१८ला अमेरिकेतल्या टेम्पीत उबरच्या स्वयंचलित चाचणी-गाडीने एका पादचारी बाईला उडवलं, तेव्हा आत खबरदारीला चालक बसवली होती ना? ती मोबाइलवर कार्यक्रम बघत होती!

घाटमाथा: अर्धंच सांगितलंत. गाडीला ती पादचारी बाई ५.६ सेकंद आधी दिसली होती. कधी वाहन, कधी सायकल, कधी 'इतर'. दर वेळी नाव बदललं की आधीची हालचाल विसरून हिशेब पहिल्यापासून. झेब्रा नसलेल्या जागी कोणी रस्ता ओलांडेल हे गृहीतच धरलेलं नव्हतं. त्यात ती गाडी व्होल्वोची, तिचा मूळचा आपत्कालीन ब्रेकही बंद ठेवलेला.

हवापाणी: मी ट्रकचं काम करतो. एअर ब्रेकची हवा गेली की स्प्रिंग सुटून मागची चाकं आवळते, गाडी जागेवर जाम. घाटउतारावर देव पावला म्हणायचं. गेल्या पावसाळ्यात एकाचा पाइप घासून फुटला, तोही बोगद्यात. ट्रक सुरक्षित, मागून येणाऱ्यांचे हाल. नुसतं थांबून भागत नाही, कडेपर्यंत जाण्यापुरता तरी जीव गाडीत उरायला हवा.

तर्कट: म्हणजे स्टिअरिंगच्या मोटरी दोन, बॅटऱ्या दोन, कॉम्प्युटर दोन. पैसे कोण देणार? आणि दोन्हींत एकच सॉफ्टवेअर भरलं तर दोघं मिळून तीच चूक करतील.

घाटमाथा: दुसरी बाजू मांडता मांडता माझीच मांडलीत की! टेम्पीत वेगळ्या बुद्धीचा ब्रेक हजर होता, फुकटात. तोच बंद. @हवापाणी, जाम झालेला ट्रक हलवता कसा?

हवापाणी: आधी चाकाला उटी. मग बोल्ट फिरवून स्प्रिंग दाबून धरायची, चाकं मोकळी होतात. पण त्याआधी टॉर्च घेऊन वाकून खाली बघायचं, क्लीनर आत शिरलेला असतो कधीकधी.