डॅनिश + जपानी लाउंज खुर्ची हाताने बनवतोय, जोड, सीट आणि उंचीवर अडलोय

लाकूडवेडा
ओकची एक लाउंज खुर्ची कधीपासून डोक्यात घोळतेय. आकार डॅनिश, म्हणजे निमुळते पाय आणि वेगनर या डॅनिश डिझायनरच्या खुर्च्यांसारखा हात जो वळत वळत पाठीत शिरतो, आणि बाकी सगळं जपानी वळणाचं, बुटकी, कमी लाकूड, जोड उघडे, स्क्रू एकही नाही. ड्रॉइंग झालंय पण हात आणि पाठ मिळतात तिथला जोड दाखवू की लपवू कळत नाहीये, सीट पेपर कॉर्डने विणू की गादी टाकू, आणि सीटची उंची ३२ सेंमी धरलीय ती चालेल का?

सुतारपक्षी
जोड दाखवाच. वेगनरची १९४९ ची गोल खुर्ची बघा, सुरुवातीला तिच्या पाठीवरचे जोड वेत गुंडाळून झाकलेले असायचे, नंतर त्याने वेत काढला आणि नागमोडी दात्यांचा जोड तसाच उघडा ठेवला, आज ती खुर्ची लोक त्याच नागमोडीवरून ओळखतात. आणि ती नुसती शोभेची नाहीये, लाकडाच्या आडव्या कापलेल्या टोकाला ग्लू नीट धरत नाही, लांब दाते केले की ग्लूला लाकडाच्या रेषांच्या बाजूची भरपूर जागा मिळते. जपानी सुतारकामातही उघड्या जोडामागे असंच कारण असतं, म्हणून मला ही जोडी मनापासून पटते.

तुमचा मागचा पाय वर येऊन हाताला मिळतो ना, तिथे आरपार कुसू (भोकात बसणारी लाकडाची जीभ) काढा आणि वरून अक्रोडाची पाचर ठोका, ओकवर ती काळसर रेघ फार देखणी दिसते. फक्त पाचर हाताच्या रेषांना आडवी हवी, रेषांच्या दिशेने ठोकलीत तर हात उभा फुटेल.

ओवी
सीटला पेपर कॉर्ड, दुसरा विचारच नको. पीळ घातलेल्या कागदाची दोरी आहे पण चिवट, वेगनरच्या विशबोन खुर्चीच्या एका सीटला साधारण १२० मीटर लागते, बसलं की किंचित दबते, अंगाखाली हवा खेळते आणि वर्षं जातील तशी रंगाने पिकते. गादी टाकलीत तर खालची सगळी चौकट झाकली जाईल मग एवढे जोड कोणासाठी?

विणताना दोरी ताणून ताणून ओढावी लागते त्यामुळे बाजूच्या पट्ट्या बारीक असतील तर आत वाकतात, डॅनिश दिसावं म्हणून तिथे लाकूड वाचवू नका. पुढच्या पट्टीची कड अंगठ्याएवढी गोल करा, धारदार राहिली तर दोरी तिथेच झिजून तुटते आणि मांडीलाही काचते. स्क्रू नकोत म्हणताय तर चारी बाजूंनी गुंडाळत मधे येणारी वीण घ्या, तिच्यात दोरीची टोकं अडकवायला आतून एखादी चूक (बारीक खिळा) लागते तेवढीच, दुसऱ्या पद्धतीत आतल्या बाजूला खिळ्यांची रांगच मारावी लागते.

रंधा_पटाशी
३२ फार कमी आहे हो. जपानी बुटक्या खुर्च्या आल्या त्या तातामीवरच्या, म्हणजे गवती चटयांवरच्या घरातून, तिथे सगळी खोलीच जमिनीलगत जगते, म्हणून कित्येक खुर्च्यांना चटई दबू नये म्हणून पायांखाली लांब पट्ट्याही असतात. बाकीचं फर्निचर नेहमीच्या उंचीचं असेल तर तुमची खुर्ची खड्ड्यात बसल्यासारखी वाटेल. पुढची कड ३८ ते ४० ठेवा, मागची ७-८ सेंमी खाली, सीटची खोली ५० च्या आसपास, आणि सीट-पाठीतला कोन १०५ अंशांच्या जवळ. मागच्या उतारामुळे नजरेला ती बुटकीच दिसते. पण ओक कापायच्या आधी टाकाऊ प्लायची एक कच्ची खुर्ची ठोका आणि तिच्यात तासभर वाचत बसा, कोन कागदावर कधीच कळत नाही.

लाकूडवेडा
कच्ची खुर्ची या आठवड्यातच करतो. पाचर आणि कॉर्ड नक्की. फिनिश काय देऊ? उरुशी या जपानी लाखेचा मोह होतोय.

सुतारपक्षी
उरुशी ओल्या उबदार हवेत वाळते, त्यासाठी दमट कपाट लागतं, आणि कच्ची असताना अंगावर लागली तर पुरळ उठतं, पहिल्याच खुर्चीला नको. ओकला डॅनिश पद्धतीने साबणाचं फिनिश द्या, शुद्ध साबणाचा चुरा गरम पाण्यात विरघळवून फडक्याने चोळायचा, वाळला की परत, लाकूड पिवळं न पडता फिकट राहतं. आधी नुसतं ओलं फडकं फिरवून उठलेले तंतू बारीक सँडपेपरने घासून घ्या, आणि हे सगळं सीट विणायच्या आधी, दोरी ओली होता कामा नये.