उद्यान पालिकेचं, मग गेटवर तुमची वही कशाला?

माहीमकर: काल इथे एका सेक्रेटरींनी लिहिलंय, "आम्ही पालिकेचं उद्यान दत्तक घेतलं, १६ कॅमेरे लावले, गेटवर नाव-मोबाइल लिहून घेतो. गर्दुल्ले गायब. ज्याच्या मनात काळंबेरं नाही त्याचं नंबर द्यायला काय जातं?" दत्तक म्हणजे झाडलोट करा, पाणी घाला. मालकी पालिकेचीच. जानेवारी २०१६मध्ये मुंबई पालिकेच्या याच दत्तक धोरणावर एवढा गदारोळ झाला की फडणवीसांनी स्थगिती देऊन भूखंड परत घ्यायला सांगितलं. दत्तक दिलेल्या मैदानांवर क्लब कसे उभे राहिले, विसरलात?

सेक्रेटरी: क्लब आणि आमच्या चार कॅमेऱ्यांची बरोबरी? रात्रीच्या बाटल्या सकाळी कोण उचलतं? माळ्याचा पगार कोण देतं?

तारवाला: चार की सोळा ते ठरवा. लेन्स २.८ एमएमची असणार. २ मेगापिक्सेलला चेहरा ओळखायचा तर मीटरमागे २५० पिक्सेल लागतात. म्हणजे तीन-सव्वातीन मीटरपुढे माणूस आला एवढंच कळतं, कोण ते नाही. गेटवर ६ एमएम लावा, आठेक मीटर मिळतील. डिस्क किती?

सेक्रेटरी: २ टीबी. व्हेंडर म्हणाला ३० दिवस पुरते.

तारवाला: चुना लावला. २ एमबीपीएसने एक कॅमेरा दिवसाला साधारण २२ जीबी खातो, सोळांचे ३४५. सहा दिवसही पुरणार नाही, जुनं पुसत जाणार. ३० दिवसांना १० टीबीच्या वर हवी. 'मोशनवर ठेवू', म्हणजे हालचाल दिसली तरच रेकॉर्ड, असं म्हणू नका. फांद्या हलल्या, अंधारात दिसण्यासाठीच्या आयआर दिव्यापुढे कोळ्याने जाळं विणलं की रात्रभर रेकॉर्डिंग चालूच.

पार्किंगग्रस्त: उद्यान मरू दे. याच लोकांनी गेटबाहेर रस्त्यावर कुंड्या आणि साखळ्या टाकल्यात. नो पार्किंग वाहतूक पोलिसांच्या आदेशाने होतं, वॉचमनच्या शिट्टीने नाही. मुंबई महानगरपालिका कायद्याच्या कलम ३१४खाली वॉर्ड ऑफिस नोटीस न देता उचलू शकतं. उचलत नाही, कारण उघड आहे.

सेक्रेटरी: कुंड्या सुशोभीकरणासाठी आहेत.

पार्किंगग्रस्त: हो ना, बरोबर एका गाडीच्या अंतरावर!

माहीमकर: वहीवर या. उघड्या पानावर आधीच्या वीस जणांचे नंबर असतात, त्यात कॉलेजच्या मुलींचेही. मागचा माणूस मोबाइलवर फोटो काढून मोकळा. सिक्युरिटी एजन्सी बदलली की वही कुणाकडे जाते?

सेक्रेटरी: २०२३चा डेटा कायदा डिजिटल माहितीला आहे. आमची वही कागदी. वाचून बोला.

माहीमकर: बरोबर, कागदाला लागत नाही. पण कॅमेरे कागदी आहेत का? आणि पालिकेच्या उद्यानात शिरणाऱ्याला नाव विचारायचा अधिकार कुठल्या कलमाने मिळाला, ते सांगा. सीटीएस (सिटी सर्व्हे) नंबर टाकून डीपी रिमार्क काढा, म्हणजे विकास आराखड्यात ती जागा कशासाठी दाखवलीय ते कळेल. लेआउट आरजी, म्हणजे इमारतींच्या लेआउटमध्येच सोडलेली मोकळी जागा, निघाली तर जागा तुमच्या लेआउटची, मी गप्प. उद्यान म्हणून दाखवलं असेल तर १० रुपयांचा माहिती अधिकार अर्ज करून दत्तक करारनाम्याची प्रत मागतो. वेळ, फी, प्रवेश, सगळं त्यात असतं.

सेक्रेटरी: मागा, आम्ही घाबरत नाही. वही बंद करू, तेवढ्याने तुमचा आत्मा शांत होणार असेल तर. कॅमेरे हलणार नाहीत.

तारवाला: नका हलवू. पण समोरच्या चाळीच्या खिडक्या फ्रेममध्ये येत असतील तर मेनूत जाऊन तेवढा भाग झाकणारा प्रायव्हसी मास्क टाका. आणि व्हेंडरने ठेवलेला पासवर्ड आजच बदला, त्याच्या पोराकडेही तोच असतो.

पार्किंगग्रस्त: कुंड्या कधी उचलताय?