मुलाखतीचं बोलावणं नाही, लेकीला विचारू की नको?

एडिसनची आई:
आज ९ डिसेंबर. लेकीने जूनच्या पहिल्या आठवड्यात एएमकॅसचा, म्हणजे इथे अमेरिकेत मेडिकल कॉलेजांसाठी भरायचा सामाईक अर्ज पाठवला, जुलै-ऑगस्टभर सेकंडरीचे, म्हणजे एकेका कॉलेजने वेगळे मागितलेले निबंध लिहिले. एमकॅट या प्रवेश परीक्षेत ५१२. बावीस कॉलेजं. चार नकार, एक होल्ड (निर्णय लांबणीवर), बाकी सतरा ठिकाणी शुकशुकाट. मुलाखतीला बोलावणं एकही नाही. १५ ऑक्टोबरपासून एमडीची (इथली एमडी म्हणजे आपल्या एमबीबीएससारखी पदवी) कॉलेजं प्रवेश द्यायला लागली, तिच्या मैत्रिणीला दोन मिळालेसुद्धा.

मी लातूरची. आमच्या वेळी बारावीच्या पीसीबीचे मार्क कळले की मेडिकलला लागणार की नाही याचा अंदाज घरबसल्या यायचा. यादी लागली की विषय संपला. इथे धड नाहीसुद्धा म्हणत नाहीत, हे मला पचतच नाही.

परवा ती पोळ्या लाटत होती, फोन परातीशेजारी. टिंग वाजलं. पिठाच्या हातानेच तिने उचलला. कुठल्याशा दुकानाच्या सेलचा मेल. मी लगेच, "आला का गं?" तिने अंगठ्याने काचेवरचं पीठ पुसलं, म्हणाली, "आई, आला की सांगेन ना." उरलेल्या चार पोळ्या एक शब्द न बोलता केल्या. मी रोज विचारते, हे तेव्हा लक्षात आलं. पण नाही विचारलं तर तिला वाटेल, आईला काही पडलेलं नाही. काय करू? कॉलेजला फोन करून बघू का?

ओहायोचा रेसिडेंट:
ताई, फोन अजिबात नको. माझं पहिलं बोलावणं २१ जानेवारीला आलं आणि मी तिथेच शिकलो. पुष्कळ ठिकाणी फेब्रुवारी-मार्चपर्यंत मुलाखती चालतात. होल्ड म्हणजे नकार नव्हे. जूननंतर तिने नवं काय केलं, त्याचं एक पानी अपडेट लेटर तिने स्वतः पाठवावं. आधी प्रत्येक पोर्टल नीट वाचायला सांगा, काही कॉलेजं अशी पत्रं घेतच नाहीत. राज्याच्या सरकारी कॉलेजांत स्थानिक मुलांना झुकतं माप असतं, तेव्हा तुमच्या न्यू जर्सीच्या सरकारी विद्यापीठाचं, रटगर्सचं पोर्टल आधी बघा. डीओच्या, म्हणजे डॉक्टर होण्याच्या दुसऱ्या, ऑस्टिओपॅथिक पदवीच्या काही कॉलेजांची मुदतही अजून आहे.

रविवारचा चहा:
आमच्या मुलाच्या वेळी आम्ही रविवार ठरवला होता. सकाळच्या चहाला तो आपणहून सांगायचा, एरवी कुणी विषय काढायचा नाही. पुण्याहून आजीचे फोन यायचे, ते मी घ्यायचे. त्याला सर्वांत जास्त त्रास त्या प्रश्नाचाच व्हायचा, "काय रे, झाली का अ‍ॅडमिशन?"

एडिसनची आई:
दोघांचेही मनापासून आभार. रविवारचं तिला विचारलं, लगेच हो म्हणाली. शनिवारी ती रुग्णवाहिकेवर ईएमटी (तातडीचे प्रथमोपचार करणारी) म्हणून जाते, ऑगस्टपासूनचे ते तास अर्जात नाहीत. तेच आत्ता लिहायला बसलीये. डीओचा अर्ज एएमकॅसवरूनच जातो का?

ओहायोचा रेसिडेंट:
नाही, तो वेगळा. एएकॉमस या डीओच्या सामाईक अर्जसेवेवर भरायचा. मुदत प्रत्येक कॉलेजची निराळी, आजच बघून ठेवा.