सिकलसेल: नशिबाचा भाग की आईवडिलांची निवड?

वैदर्भी: सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे मूल जन्मले की आपल्याकडे ‘नशिबाचे भोग’ म्हणून विषय मिटवला जातो, हे मला मान्य नाही. आईवडील दोघेही एएस, म्हणजे सिकलसेलच्या जनुकाची एकच प्रत असलेले वाहक असतील, तर बाळ एसएस, म्हणजे आजारी असण्याची शक्यता २५ टक्के असते आणि त्यावर कोणाचाच ताबा नसतो. मात्र आपण वाहक आहोत का, हे सोल्युबिलिटी आणि त्यानंतरच्या इलेक्ट्रोफोरेसिस या रक्तचाचण्यांमुळे लग्नाआधीच कळू शकते. सोय असूनही ती तपासणी टाळणे ही निवडच आहे.

सातपुडा: या ‘निवडी’चा भार नेमका कोणावर पडतो, तेही पाहा. मुलीच्या सिकलसेल तपासणीच्या कार्डावर एएस दिसले की सोयरीक मोडते. मुलाचे कार्ड बघायला कोणी मागत नाही. वास्तविक एएस व्यक्ती सहसा निरोगी आयुष्य जगते आणि जोडीदार एए, म्हणजे हे जनुक नसलेला, असेल तर त्यांना एसएस मूल होत नाही. हे जनुक टिकले तेच मुळी हिवतापामुळे, कारण वाहकांना जीवघेण्या मलेरियापासून बरेच संरक्षण मिळत असे. त्या पूर्वजांनी काय निवडले होते?

वैदर्भी: पूर्वजांना दोष कोण देतो आहे? पहिले मूल एसएस निघाले, आता पुढची तीन सुखरूप, असा हिशेब मांडणारी कुटुंबे आहेत. प्रत्येक गरोदरपणात तेच २५ टक्के नव्याने लागू होतात, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

आरोग्यसेविका: सांगणारा माणूस नाही, हीच खरी अडचण आहे. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी ठरली आहे. पण नुसते कार्ड हाती देऊन समुपदेशन केले नाही, तर त्या कार्डाची भीतीच वाटते. गर्भाला हा आजार आहे का याची तपासणी गर्भलिंग निदानाला बंदी घालणाऱ्या १९९४ च्या कायद्यात बसते, मात्र रोजंदारी बुडवून मोठ्या शहरातल्या केंद्रापर्यंत वेळेत पोहोचणे किती जणींना जमते?

सातपुडा: म्हणूनच माझा आग्रह आहे की आश्रमशाळेतच मुलगे आणि मुली, दोघांचीही तपासणी व्हावी, समुपदेशकाने निकाल समजावून सांगावा आणि तो विद्यार्थी व पालक यांच्यापुरताच राहावा. एवढे झाल्यावर कोणी डोळेझाक केली, तर तिला निवड म्हणायला माझी हरकत नाही.