टर्बाइन बेअरिंगच्या व्हाइट मेटलला तडे, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, साखर कारखान्यात टर्बाइनचा मेंटेनन्स बघतो. हंगामानंतर उघडलं तर जनरेटरकडच्या जर्नल बेअरिंगच्या (फिरता शाफ्ट पेलणाऱ्या बेअरिंगच्या) खालच्या अर्ध्यात व्हाइट मेटलला (आतल्या मऊ मिश्रधातूच्या अस्तराला) जाळीसारखे तडे, तेही एकाच कडेला. नखाएवढा एक तुकडा सुटून आलाय. खड्ड्याच्या तळाशी मात्र व्हाइट मेटलचा पातळ थर शिल्लक आहे, स्टील कुठेच उघडं पडलेलं नाही. म्हणून बाँडिंग, म्हणजे व्हाइट मेटल आणि स्टीलचा सांधा, सुटलं असं वाटत नाही. फटीगचा (वारंवार बदलणाऱ्या भाराने धातू थकून पडणारा) तडा पृष्ठभागावरून खाली जातो आणि बाँडच्या जरा अलीकडे आडवा वळतो, तसंच हे दिसतंय. ओरखडे नाहीत, तेलही स्वच्छ आहे.

नुसत्या स्थिर भाराने फटीग येत नाही, त्यामुळे संशय अलाइनमेंट (शाफ्ट एका रेषेत असणं) आणि कंपनांवर आहे. थंड मशीनवर अलाइनमेंट बरोबर होतं. गरम झाल्यावर पेडस्टल (बेअरिंगचा आधार) किती उचलतं, हे तुम्ही कसं मोजता?

दुसरं, नवीन व्हाइट मेटल ओतताना थर किती जाडीचा ठेवता? पातळ थर फटीगला जास्त टिकतो हे खरं, पण तेलातला कचरा पोटात घ्यायला जागा कमी उरते. बॉयलर अग्निप्रदीपनाआधी निर्णय घ्यायचाय. ज्यांनी असं बेअरिंग स्वतः हाताळलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा, फोटो टाकतो.