तलंगीचा एक पाय पुढं, एक मागं. मानमोडी (राणीखेत) तर नाही ना?

पऱ्हाटीवाला, आर्वी तालुका
राजेहो, आठवडी बाजारातून मोटारसायकलवाल्याकडून ४० गिरिराज जातीच्या कोंबडीचे पिल्लं आणले होते. आता तीन महिन्यांचे झाले. पंधरा दिवसांत ९ गेले. मानमोडीची लस लासोटा दोनदा पाजली हाय. हगवण नाही, घरघर नाही. आधी लंगडते, मग एक पाय पुढं एक मागं करून पडून राहते. दाण्याकडं मान करते, पण उठवत नाही. काल एक कापून पाहिली. कलेजी दुप्पट, वरून पांढऱ्या गाठी, साबुदाण्याएवढ्या. काका म्हणतात फवारणीचं औषध पोटात गेलं. आई म्हणते हवा लागली. तुम्हाला काय वाटते?

सेवानिवृत्त पर्यवेक्षक, पशुसंवर्धन
भाऊ, औषधानं कलेजीत गाठी येत नाहीत. हा मला मरेक्स रोग दिसतो. पुढची मेली की दोन्ही मांड्यांचं मांस बाजूला करा अन् आतल्या जाड नसा शेजारी-शेजारी पाहा. चांगली नस पांढरी, चकचकीत, आडव्या बारीक रेघांची. रोगट पिवळट-करडी, सुतळीसारखी फुगलेली, रेघा गायब.

माणसाला नागीण उठते, त्या विषाणूच्या कुळातला विषाणू हाय हा. बुडापेस्टच्या योझेफ मारेक यांनी १९०७ मध्ये लुळ्या कोंबड्यांवर लिहिलं, विषाणू हाती लागला १९६७ मध्ये. पिसांच्या कोंड्यातून तो श्वासावाटे जातो. आधी बी पेशी मारतो, मग टी पेशींत दडून बसतो. या पेशी म्हणजे अंगाचे राखणदार. त्यांच्या गुणसूत्रांच्या टोकाला आपली जनुकं चिकटवतो, अन् त्याचं मेक नावाचं जनुक राखणदारालाच फितवते: वाढत राहा, थांबू नको. हेच राखणदार कलेजी, पानथरी, नसांमध्ये साचून गाठी करतात. नसेत साचले की पाय लुळा. अंड्यातून मात्र हा उतरत नाही.

खुराडेवाली, दारव्हा
माझ्याकडंही मरेक्सच होता, पण पायाला काही नव्हतं, दोघींचा डोळा राखाडी झाला, बुबुळ वाकडंतिकडं. मी खाली अंथरलेलं तेच जुनं कुटार ठेवून नवी पिल्लं सोडली. तीही गेली. खोटं कशाला सांगू, आळस नडला.

पऱ्हाटीवाला
मग उरलेल्या ३१ ना लस देऊ का?

सेवानिवृत्त पर्यवेक्षक
आता उपयोग नाही. ती अंड्यातून निघाल्या दिवशी टोचायची, अन् नंतरचा आठवडाभर तरी पिल्लू जुन्या कोंड्यापासून लांब ठेवायचं. कोंड्यात विषाणू महिनोन्महिने जगतो. लसीनं गाठी थांबतात, विषाणू फिरायचा थांबत नाही, म्हणून लस दिलेल्या पक्ष्याजवळही कोवळी पिल्लं नको. माणसाला हा होत नाही, धाकधूक नको. पण आजारी पक्षी रश्शात घालू नका.

पऱ्हाटीवाला
कुपी हजार डोसची भेटते अन् कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते म्हणतात. ४० पिल्लांसाठी कोण फोडते?

सेवानिवृत्त पर्यवेक्षक
म्हणूनच बाजारवाल्याकडून घेऊ नका. हॅचरीतून घ्या, अन् पैसे द्यायच्या आधी मरेक्स टोचलं का ते विचारा. बिलावर लिहून मागा.